जे हलतंय, ते आधी बघा

लोअर लिंबच्या स्नायूंचा तक्ता फिजिओथेरपी काय नि एमबीबीएस काय, पहिल्या वर्षी सगळेच घोकतात. स्नायूचं नाव, उगम, शेवट, नस, काम. चौरसियांच्या पुस्तकातल्या आकृत्या रात्र जागून गिरवायच्या, व्हायव्हात धडाधडा म्हणून दाखवायच्या आणि सुट्टी लागली की विसरायच्या. माझं क्लिनिक सातारा जिल्ह्यात आहे. दरवर्षी इंटर्नशिपची मुलंमुली येतात, तेव्हा तक्ता त्यांना माझ्यापेक्षा चोख पाठ असतो. अडतं ते पुढे. त्यांना जे वारंवार सांगावं लागतं, ते इथे मांडते आहे. पेशंटच्या घरच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, चार गोष्टी त्यांच्याही कामाच्या आहेत.

१. तक्ता डावीकडून पाठ होतो, पेशंट उजवीकडून येतो.

'काम' हा रकाना सगळ्यात शेवटी असतो आणि पेशंट नेमका तिथूनच सुरुवात करतो. "चप्पल पायातून निसटते." "जिना उतरताना गुडघा दगा देतो." "एका पायावर उभं राहून पँट घालता येत नाही." टिबियालिस अँटिरियर हे नाव त्याने जन्मात ऐकलेलं नसतं. तेव्हा पाठांतर उलटं करायची सवय लावा. आधी कुठलं काम बंद पडलंय, मग ते कुठला स्नायू करतो, मग त्याची नस, मग ती नस मणक्यातून कुठून निघते.

नकाशा तसा छोटा आहे. मांडीचा पुढचा भाग फिमोरल नर्व्हचा, गुडघा सरळ करायचा तो तिच्या जोरावर. मांडीची आतली बाजू ऑबट्युरेटरची, ती मांड्या जवळ आणते. या दोन्ही नसा एल२, एल३, एल४ मधून येतात. मांडीची मागची बाजू सायटिक नर्व्हची. गुडघ्याच्या जरा वर तिचे दोन भाग होतात: टिबियल मागून पोटरीत आणि तळपायात उतरते, कॉमन पेरोनियल बाहेरून वळसा घालून नडगीच्या पुढे येते. नितंबातले ग्लुटियल स्नायू तेवढे वेगळ्या दोन नसांवर चालतात. एवढं पक्कं झालं की बाकी सारे अपवाद, आणि परीक्षकांचा सगळा जीव त्या अपवादांत.

अपवादही निरर्थक नसतात. मांडीच्या मागचे सगळे स्नायू सायटिकच्या टिबियल भागाचे, फक्त बायसेप्स फिमोरिसचं आखूड डोकं पेरोनियल भागाचं. व्हायव्हात हा प्रश्न छळवाद वाटतो. पण पाऊल लुळं पडलेल्या माणसाच्या ईएमजीत हेच आखूड डोकं बिघडलेलं दिसलं, तर इजा गुडघ्याशी नसून त्याच्या वर आहे हे कळतं. पेरोनियलच्या ताब्यातला गुडघ्याच्या वरचा तो एकुलता एक स्नायू आहे.

२. काय बंद पडलंय यापेक्षा काय चालू आहे, ते जास्त बोलतं.

मला एकच गोष्ट सांगायला दिली तर मी ही सांगेन.

स्ट्रॉबेरीच्या हंगामात एक ताई आल्या. महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात हंगामभर तोडणीचं काम. उजवं पाऊल उचलत नव्हतं. चालताना गुडघा वर घेऊन पाऊल टाकायच्या आणि फरशीवर 'फट्' असा आवाज यायचा. दारातून आत येण्याआधी तो आवाज मला ऐकू आला होता. हातात एमआरआयची पिशवी. "मणक्यात गॅप आहे म्हणाले, शीर दबलीय." रिपोर्टात एल४-एल५ ला चकती थोडी फुगल्याचं लिहिलेलं होतं. चाळिशीनंतर निम्म्या गावाचा एमआरआय काढला तरी बहुतेकांत असलं काहीतरी निघेल.

पाऊल वर उचलणं, अंगठा वर करणं, पाऊल बाहेरच्या बाजूला वळवणं, तिन्ही कमजोर. एल५ ची मुळी दबली तरी हेच होणार आणि गुडघ्याजवळ कॉमन पेरोनियल दबली तरी हेच. इथवर दोन्ही बाजू सारख्या. म्हणून मग शाबूत काय आहे ते बघायचं.

पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगितलं. हे काम टिबियालिस पोस्टिरियरचं. तो टिबियल नर्व्हवर चालतो, पण त्याचा मणक्यातला पुरवठा मुख्यतः एल४-एल५ चाच. मुळीच दबली असती तर हाही ढिला पडला असता. ताईंनी माझा हात सहज ढकलला. मग कुशीवर झोपवून वरचा पाय सरळ ठेवून उचलायला लावला. ते ग्लुटियस मीडियसचं काम, सुपिरियर ग्लुटियल नर्व्ह, पुन्हा एल५ चा मोठा वाटा. तोही भक्कम. म्हणजे मुळी ठीक, नस खाली कुठेतरी अडली आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बारीक हाडाचा गोळा लागतो, त्याच्या जरा खाली बोटाने टिचकी मारली तर पावलाच्या वरच्या बाजूला झिणझिण्या गेल्या. जागा सापडली.

इथे तपासण्याची एक खुबी आहे. पाऊल लुळं लोंबत असताना 'बाहेर वळवा, आत वळवा' म्हटलं तर सगळंच कमजोर वाटतं. आधी आपल्या हाताने पाऊल काटकोनात धरून ठेवायचं आणि मग वळवायला सांगायचं. उत्तर पुष्कळदा बदलतं.

कारण त्यांच्या बसण्यात होतं. दिवसचे दिवस उकिडवं बसून वाफ्यातून सरकत तोडणी. गुडघा पूर्ण दुमडला की ही नस हाडाच्या मानेवर ताणली जाते, वरून दाबही येतो. वैद्यकीय लेखनात याला स्ट्रॉबेरी तोडणाऱ्यांचा लकवा असं चक्क नावच आहे. भांगलणीत, फरशी बसवण्याच्या कामातही हेच होतं. झटपट बारीक झालेल्या माणसात गुडघ्याजवळची चरबी उतरते आणि नस उघडी पडते. त्याला पायावर पाय टाकून बसायची सवय असेल तर तेवढंही पुरतं. आणि प्लास्टर. गुडघ्याखालच्या प्लास्टरची वरची कड त्या गोळ्यावर रुतत असेल आणि पेशंट म्हणत असेल की अंगठा वर होत नाही, तर 'उद्या बघू' म्हणायचं नाही.

३. नसेला हात लावा.

गुडघ्याजवळची ही पेरोनियल अगदी कातडीखाली असते, बोटाखाली गोल दोरीसारखी सरकते. दोन्ही पायांची तुलना करा. एका बाजूची जाड लागली, दाबल्यावर दुखली, तर अंगावर कुठे फिकट, बधिर चट्टा आहे का ते विचारा. विचारून थांबू नका, बघा. कुष्ठरोग संपला असं शहरात वाटतं. महाराष्ट्रात नवे रुग्ण अजून सापडतात आणि लुळं पाऊल घेऊन ते त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्याआधी आपल्याकडे येतात. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो, हे त्यांना त्याच बैठकीत सांगायचं. नाहीतर ते पुन्हा दिसत नाहीत.

शाबूत काय आहे हा प्रश्न इथे निदानाच्या पुढे जातो, इलाजात येतो. कुष्ठरोगात पेरोनियल बिघडते ती गुडघ्याजवळ, पण टिबियल बिघडते ती घोट्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे टिबियालिस पोस्टिरियरला फांदी देऊन झाल्यावर. त्यामुळे तळपाय बधिर, पाऊल लुळं, पण हा एक स्नायू मात्र सहसा धडधाकट. सर्जन त्याची कंडरा सोडवून पावलाच्या वरच्या बाजूला आणून जोडतात आणि आत वळवणारा स्नायू पाऊल उचलायला लागतो. १९४६ साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या हातापायांच्या अशा शस्त्रक्रियांचा पाया घातला. ऑपरेशननंतरचे व्यायाम आपल्या वाट्याला येतात. पेशंटला सुरुवातीला 'पाऊल वर घ्या' म्हणून भागत नाही, 'आत वळवा' म्हणावं लागतं. मेंदूला जुनीच आज्ञा माहीत असते. सराव होत गेला की आज्ञा बदलते. हा बदल बघायला मिळणं ही आमच्या धंद्यातली चैन आहे.

४. काठी दुखऱ्या बाजूला धरायची नसते.

म्हातारी माणसं हमखास उलट करतात, आणि घरचे दटावून परत तसंच करायला लावतात. दर पावलाला आपण क्षणभर एका पायावर उभे असतो. तेव्हा कंबर दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून टेकलेल्या बाजूचे ग्लुटियस मीडियस आणि मिनिमस तिला धरून ठेवतात. ते कमजोर असले की उचललेल्या पायाची बाजू खाली जाते. फ्रीडरिश ट्रेंडेलेनबर्ग या जर्मन सर्जनने १८९५ साली हे मांडलं, अजून त्याच्याच नावाने ओळखतात. कलते ती दुसरी बाजू, दोष असतो टेकलेल्या बाजूला. मुलं इथे दरवर्षी गोंधळतात. खाली जाणाऱ्या बाजूला आधार हवा, म्हणून काठी चांगल्या बाजूच्या हातात. आजोबांना एवढं करून चालायला लावलं की डुलणं तिथल्या तिथे कमी होतं, समजावून सांगायची गरजच उरत नाही.

नितंबाच्या बाबतीत इंजेक्शनचंही बोललं पाहिजे. जागा वरचा बाहेरचा चतकोर. जरा खाली-आत सरकलं की सायटिक. तिचा पेरोनियल भाग बाहेरच्या अंगाला असल्यामुळे पहिला मार त्यालाच बसतो. ताप आला म्हणून इंजेक्शन दिलं आणि पोर पाऊल ओढायला लागलं, असं घेऊन येणारे आईबाप मी पाहिले आहेत. तान्ह्या बाळांना नितंबात टोचायचंच नाही. पेंटाव्हॅलंट लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात, व्हास्टस लॅटरॅलिसमध्ये देतात ती याचसाठी. तिथे मोठी नस नाही.

५. पुस्तकातलं 'काम' हवेतल्या पायाचं आहे.

पुस्तकात क्वाड्रिसेप्स गुडघा सरळ करतो, सोलियस पाऊल खाली दाबतो. पाय मोकळा लोंबत असेल तर खरंच आहे. पाऊल जमिनीवर टेकलं की हिशेब पालटतो. सोलियस गुडघ्याला शिवतसुद्धा नाही, पण पाऊल खिळलेलं असताना तो नडगीला मागे खेचतो आणि गुडघा सरळ राहतो. ग्लुटियस मॅक्सिमस मांडीचं हाड मागे ओढून वरून तेच करतो. क्वाड्रिसेप्स साफ गेलेला माणूस सपाट रस्त्यावर चालू शकतो तो यांच्या जिवावर.

हे मी शिकले पोलिओच्या पेशंटांकडून. भारतातला वाइल्ड पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा, आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यामुळे आजच्या मुलांना पोलिओ धड्यातच भेटतो. पण पोलिओ सर्रास होता तेव्हाची लहान पोरं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, दुकानं चालवतात, शिक्षक आहेत, आणि गुडघा दुखतो म्हणून येतात. पोलिओत मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या पेशीच मरतात, म्हणून स्पर्श सगळा शाबूत आणि ताकद मात्र ठिकठिकाणी गायब. एका नसेच्या हद्दीत ते बसत नाही. तक्ता घेऊन बसलात तर डोकं धराल.

अशा एका काकांचा पाय टाच टेकत नाही इतपत ताठ होता. इंटर्न उत्साहाने पोटरी ताणायला बसली. मी थांबवलं. काकांना म्हटलं, जरा चालून दाखवा. पाऊल टेकताना हात मांडीवर जायचा, गुडघा मागे ढकलला जायचा आणि मग दुसरा पाय पुढे यायचा. तो चवड्यावरचा ताठपणाच गुडघ्याला मागे रेटत होता, कुलूप लावत होता. तो काढला असता तर पाय दिसायला सरळ झाला असता आणि काका पडले असते. "पंचेचाळीस वर्षं ह्याच्यावर उभा आहे मी, ह्याला हात लावू नका," असं ते हसत म्हणाले. बिघाड दिसला की दुरुस्त करायला धावायचं नाही. तो कोणाचं तरी काम करत असतो.

६. स्नायू आखडतानाच काम करतो असं नाही.

गड चढताना दम लागतो, उतरताना मांड्या थरथरतात आणि दुसऱ्या दिवशी बसता येत नाही. सज्जनगडाच्या पायऱ्या उतरलेल्या कुणालाही विचारा. उतरताना क्वाड्रिसेप्स लांब होत होत भार सांभाळतो, आणि त्या कामात त्याचे तंतू जास्त दुखावतात. टिबियालिस अँटिरियरही तसाच: पाऊल उचलण्याइतकंच टाच टेकल्यावर चवडा हळू खाली सोडणं हे त्याचं काम. मघाचा 'फट्' आवाज त्याच्या गैरहजेरीचा.

माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण अशी आमच्या जिल्ह्यातून जाते, तेव्हा आम्ही सेवेला बसतो. तेल चोळून घ्यायला सगळ्यांचा पाय पोटरीवरच पुढे येतो. निम्म्यांचं दुखणं मात्र नडगीच्या पुढच्या बाजूला असतं, याच स्नायूत. रोजची मजल, त्यात झिजलेली स्लिपर अंगठ्याने धरून चालायची. चप्पल धरून ठेवायचं काम दिवसभर चालूच. पट्टा मागून असलेली चप्पल घाला असं सांगून बघते. माऊली हो म्हणतात.

७. पोटरीची ताकद हाताने मोजू नका.

ताकदीला शून्य ते पाच गुण देण्याची जी ब्रिटिश पद्धत आपण वापरतो, ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या नसांच्या जखमांवरच्या कामातून आली. हाताने प्रतिकार करून गुण द्यायचे. पोटरीसाठी हे फसवं आहे. ती अख्खं शरीर उचलते, तुमच्या मनगटाला ती काय भीक घालणार? निम्मी ताकद गेली तरी पाचपैकी पाच. त्यापेक्षा पेशंटला भिंतीला हात टेकवून एका पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगा, पुन्हा पुन्हा. चांगला पाय सहज करतो आणि दुसरा थोड्याच वेळात डगमगतो, हा फरक एस१ ची मुळी दबल्याची मोठी खूण. जोडीला टाचेच्या वरचा झटका तपासा, तोही मंद मिळेल. गुडघा सरळ ठेवून गॅस्ट्रोक्निमियस जास्त बोलतो, वाकवला की सोलियस, कारण पहिला गुडघ्यावरूनही जातो आणि दुसरा नाही.

८. लहान मूल गुडघा धरून रडलं तर खुबा तपासा.

गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ, सूज नाही, तरी पोरगं लंगडतंय. १८६० च्या सुमारास लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलचे सर्जन जॉन हिल्टन यांनी नियम सांगितला: सांधा हलवणाऱ्या स्नायूची नसच त्या सांध्यालाही जाते. फिमोरल आणि ऑबट्युरेटर खुब्यालाही फांद्या देतात आणि गुडघ्यालाही. खुबा दुखतो नि मेंदूला गुडघा वाटतो. झोपवून गुडघा वाकवा आणि मांडी आत-बाहेर फिरवा. आत फिरताना अडलं, मूल कळवळलं, तर व्यायाम न शिकवता हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवा. पर्थेस हा मुलांच्या खुब्याचा आजार असा सापडतो, आणि लवकर सापडलेला बरा.

९. दोन बधिरपणा आहेत, त्यातला फरक ओळखा.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला हातभर जागा जळते, मुंग्या येतात, पण ताकद पूर्ण. पोट सुटलेला माणूस, घट्ट पट्टा. तिथली नस फक्त कातडीची आहे, कुठल्याही स्नायूला जात नाही. पट्टा सैल करा, घाबरू नका.

दुसरा: कंबर धरलेली आहे, दोन्ही पाय जड झालेत आणि शौचाच्या जागी, मांड्यांच्या आतल्या बाजूला कळेनासं झालंय. लघवी अडली आहे, किंवा नकळत होते आहे. लोक हे लाजेने सांगत नाहीत, म्हणून आपणच विचारायचं, बाईमाणसाला बाजूला नेऊन विचारायचं. उत्तर हो आलं तर शेक नाही, मशीन नाही, 'उद्या या' नाही. त्याच दिवशी न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयात.

१०. "शीर परत येईल का?"

नुसती दबलेली असेल, आतला तंतू तुटला नसेल, तर आठवड्या-महिन्यांत येते. तंतू तुटला असेल तर तो वरून खाली वाढत येतो, साधारण दिवसाला एक मिलिमीटर. हे कोष्टक घरच्यांना सांगून टाकावं. गुडघ्याजवळची इजा असेल तर नडगीच्या वरच्या भागातल्या स्नायूंपर्यंत काही महिने. नितंबातली असेल तर पावलापर्यंत येता येता वर्षं लागतात आणि तोवर लहान स्नायू तिची वाट बघत राहतीलच असं नाही. क्रमही ठरलेला: इजेच्या जवळचे स्नायू आधी जागे होतात. म्हणून रोज अंगठा हलतोय का ते बघून निराश होण्यात अर्थ नाही, अंगठा शेवटी येतो. पाऊल वर घ्यायचा प्रयत्न करताना घोट्याच्या पुढची कंडरा कातडीखाली जराशी ताठते का, ते आधी बघायचं.

तोवर पाऊल काटकोनात धरणारी प्लास्टिकची पट्टी बुटात घालायची, टाच आखडू नये म्हणून घरच्याच माणसाने रोज पोटरी ताणून द्यायची, आणि तळपायाला कळत नसेल तर रात्री झोपताना पाय उजेडात धरून जखम बघायची. स्ट्रॉबेरीवाल्या ताई बऱ्या झाल्या. तोडणी त्या अजूनही करतात. आता लाकडी पाट घेऊन बसतात, आणि तो पाट वाफ्यातून पुढे सरकवायला त्रास होतो अशी त्यांची तक्रार आहे. चाकं लावून देता येतात का, ते सुताराला विचारते आहे.